माग चालवणाऱ्या बाईचा हिशेब
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



येवला म्हटलं की आपल्याला 13 ऑक्टोबर 1935 आठवतो. त्या दिवशी बाबासाहेबांनी तिथे धर्मांतराची घोषणा केली. आपण त्या भूमीला वंदन करायला जातो. पण कापडाच्या दुकानात जाऊन येवला म्हणा, दुकानदार लगेच पैठणी काढून पुढे टाकील. गाव एकच. मुक्तिभूमीला जाऊन आपण परत फिरतो, आणि त्याच गावच्या गल्ल्यांत माग खटखटत असतात, तिकडे आपलं लक्ष जात नाही. पैठण तर आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटर. आणि खुद्द या शहराचा हिमरू, ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा, एकेकाळी निजामाच्या दरबारात मानाचा होता. आता हिमरूचे माग बोटांवर मोजण्याइतके उरले.

मी गिरणीतला माणूस. रिंग खात्यात उभं राहून आयुष्य गेलं, म्हणून धाग्याबद्दल बोलण्याचा थोडा हक्क सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना रिंग खात्यात काम मिळे, विणकाम खात्यात मिळत नसे. का, तर धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला चालत नव्हता. पगार मात्र विणकाम खात्यातच जास्त. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे स्पष्ट मांडला. मालकाशी भांडायचं तर आधी आपसातलं हे काढा, असं त्यांचं म्हणणं होतं. कामगारांची एकी हवी, पण ती कोणाच्या तरी पोटावर पाय ठेवून नको. आज मी एकजुटीबद्दल बोलणार आहे ते याच अर्थाने.

आता पैठणी कशी होते ते सांगतो. ताण्यात बाणा भरताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. पदरावरचा मोर किंवा मुनिया विणायची तर एका ओळीत कितीतरी कांड्या हाताने फिरवायच्या आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणायच्या. त्यामुळे अस्सल पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. (हिमरूला ही परीक्षा लावू नका. त्याच्या मागे धागे सुटेच असतात, ती त्याची रीतच आहे.) दाट पदराच्या साडीला महिनेच्या महिने लागतात.

हे काम कोण करतं? 2019-20 च्या हातमाग गणनेप्रमाणे देशात सुमारे 35 लाख हातमाग कामगार आहेत, आणि त्यांत शंभरातल्या बहात्तर बाया आहेत. दोन तृतीयांशाच्या आसपास विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई पाच हजारांच्या आत. आपल्याकडे रेशीम बंगळुराकडचं, जर सुरतेची. हे विकत घ्यायला घरात पैसा नसतो, म्हणून व्यापारी माल देतो, उचल देतो, आणि साडी झाली की मजुरी देतो. उचल फिटत नाही तोवर माग त्याच्याच दावणीला. घरातली बाई कांड्या भरते, ताणा जोडते, स्वतः मागावरही बसते, पण मजुरी मोजताना तिचे तास पुष्कळदा घरकामात जमा होतात. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कागद चांगला आहे. पण गिऱ्हाईकच पदर उलटून बघत नसेल, तर त्या कागदाने तिच्या हातात काय पडणार?

तिकडे अमेरिका खंडाच्या मध्यावर ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथले मूळ रहिवासी माया लोक. त्यांच्या बायकांचा माग बघितला तर हसू येईल आणि मग आदर वाटेल. एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचं, दुसरा पट्टा स्वतःच्या कमरेला, आणि पाठीने ताण देत विणायचं. त्यांचा हुइपिल नावाचा ब्लाऊज असतो, त्याच्या नक्षीवरून बाई कोणत्या गावची ते कळतं. 1960 ते 1996 तिथे यादवी चालली. दोन लाखांवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यात बहुसंख्य माया. कपड्यावरून गाव ओळखू येतं, आणि सैनिकांना ते ओळखू येऊ नये म्हणून कित्येक बायांनी आपला वेष टाकून दिला. वेषावरून जात ओळखली जाण्याचा अर्थ आपल्या आजी-पणजीला वेगळा सांगावा लागला नसता. त्याच समाजातल्या रिगोबेर्ता मेंचू यांना 1992 साली शांततेचं नोबेल मिळालं.

त्या युद्धात नवरे गमावलेल्या बायांनी 1988 मध्ये केत्साल्तेनांगो शहरात त्रामा नावाची विणकरांची सहकारी संस्था काढली. दया मागितली नाही, काम मागितलं आणि कामाचा भाव मागितला. पुढे 2016 मध्ये माया विणकर बायांनी देशाच्या घटनापीठापुढे दावा नेला. मोठे व्यापारी आमच्या नक्ष्या यंत्रावर छापून विकतात, सरकार पर्यटनाच्या जाहिरातीत आमचे फोटो लावतं, पण या नक्ष्या आमच्या गावांच्या सामायिक मालकीच्या आहेत हे कायद्यात लिहा, असं त्यांचं म्हणणं. घटनेच्या दाराशी जाणाऱ्या बाया आपल्याला परक्या कशा वाटतील?

यांच्या मालाला परदेशात जो व्यवहार उपयोगी पडला त्याला न्याय्य व्यापार म्हणतात. त्याचे नियम साधे आहेत. भाव बनवणाऱ्याशी बोलून ठरवायचा. हस्तकलेची ऑर्डर देताना मागितल्यास निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. पोरांना राबवायचं नाही. एकदा माल घेऊन पळायचं नाही, संबंध टिकवायचा. आगाऊ रक्कम हे यातलं खरं हत्यार आहे, कारण उचलीची दोरी तिथेच तुटते.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत असं कोणी म्हणेल. तेही थोडं खरं आहे. कर्ज काढून लग्नात अस्सल पैठणी घ्या असं मी सांगणार नाही, उलट तसं करू नकाच. पण दीड-दोन हजाराची यंत्राची साडी "पैठणी" म्हणून घेऊ नका. साडी म्हणून घ्या. आणि ज्यांच्या घरात आता नोकरीचा पगार येतो, त्यांनी पैठणच्या सरकारी केंद्रात किंवा विणकराच्या दारात जावं, पदर उलटून बघावा, आणि तिथे घासाघीस करू नये.

आळवी नगरीतल्या विणकराच्या मुलीची कथा आपण ऐकली आहे. बापाच्या कांड्या भरून द्यायच्या म्हणून तिला धम्मदेसनेला उशीर झाला. सारी सभा जमली होती, तरी तथागत तिची वाट बघत गप्प बसले. ती आल्यावर तिलाच प्रश्न विचारले. पुढे तिचं मागावरच मरण झालं, तो भाग दुःखाचा आहे. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की कांडी भरणाऱ्या पोरीचं काम संपेपर्यंत सभा थांबली.

आता आपल्या गल्लीकडे येतो. आपल्या बाया गोधड्या शिवतात. फेरीवाला येतो, भाव सांगतो, आणि आपण "घरचीच चिंधी आहे, काय लागलं त्याला" म्हणून देऊन टाकतो. जरा गणित करू. समजा एका गोधडीला पंधरा दिवस, रोजचे चार तास. झाले साठ तास. नऊशे रुपयांना गेली तर तासाला पंधरा रुपये, त्यात दोऱ्याचा खर्च धरलेला नाही. अंगणातला झाडू मारणाराही एवढ्यात येणार नाही.

म्हणून बचत गटाच्या भगिनींना विनंती आहे. एक वही घाला. गोधडी कोणी शिवली, किती दिवस, किती तास, दोरा किती रुपयांचा, हे रोज लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शाळेतल्या पोरींनी लिहून द्यावं. भाव ठरवताना सगळ्या बसा, आणि ठरलेल्या भावाखाली एकीनेही विकू नये. विहाराच्या निधीतून निम्मी आगाऊ रक्कम देता येईल का, हा विषय समितीने पुढच्या बैठकीत घ्यावा, तसं अध्यक्षांना मी लेखी दिलं आहे. येत्या पौर्णिमेला तयार गोधड्या घेऊन या. वही मी आणतो.

जयभीम.