टाक्याला एक पैसा: गोधडी, लाँगआर्म मशीन आणि आमची वाडी

काशीदहून बोलतेय. मागे सुरूच्या झाडांतून वारा घोंगावतोय, तो मध्येमध्ये ऐकू आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय आहे गोधडीचा शेवटचा टप्पा. तुकडे जोडून झाले, आता सगळे थर एकत्र शिवायचे कसे? हाताने, की लाँगआर्म मशीनवर? तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे विचारलंय, आणि आमच्या वाडीत तर सध्या याच्यावरूनच वाद चालू आहे.

आधी दोन शब्द वेगळे करू. रंगीत तुकडे एकमेकांना जोडून वरचा थर तयार करणं म्हणजे पॅचवर्क. तो वरचा थर, मधला थर आणि खालचं अस्तर असे तिन्ही एकत्र धरून ठेवणारी शिवण म्हणजे क्विल्टिंग. आपल्या जुन्या गोधडीत ही दोन कामं बहुतेक वेळा वेगळी नसतातच. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक पसरायची, वर तुकडे मांडायचे, त्यांच्या कडा दुमडायच्या आणि धावदोरा घालत जायचं. एकच टाका तुकडाही बसवतो आणि थरही बांधतो. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तिथेही हेच. काठापासून सुरुवात, आणि शिवत शिवत मध्यापर्यंत यायचं.

आता हा हिशेब मोबाइलवर करून बघा. ५ फूट बाय ७ फुटांची गोधडी घ्या. म्हणजे ६० इंच बाय ८४ इंच. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या अर्ध्या इंचावर घातल्या तर १२० ओळी होतात. प्रत्येक ओळ ७ फुटांची, म्हणजे एकूण ८४० फूट शिवण. मीटरमध्ये सांगायचं तर अडीचशेच्या वर. इंचाला ४ टाके धरले तर ४०,००० टाके! आणि त्या कामाचे कुणी ४०० रुपये हातावर ठेवले, तर एका टाक्याला एक पैसा पडतो. वीकेंडला आलेला पाहुणा गोधडी हातात घेऊन म्हणतो ना, “जुन्या साड्यांचीच तर आहे, जरा कमी करा,” तेव्हा मला हा एक पैसा आठवतो.

म्हणून लाँगआर्मचा मोह होतो. घरच्या शिलाई मशीनवर सुई जागेवर असते आणि आपण कापड सरकवतो. पूर्ण गोधडीची गुंडाळी त्या मशीनच्या हाताखालून नेताना खांदे भरून येतात. लाँगआर्मवर उलटं असतं. कापड मोठ्या चौकटीवर, रोलरवर ताणलेलं राहतं आणि मशीनचं डोकं रुळांवरून पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे फिरतं. सुई आणि मशीनचा मागचा खांब यांच्यात साधारण १८ ते ३० इंच मोकळी जागा मिळते. हात हळू फिरो की जोरात, टाक्याची लांबी सारखी ठेवणारं यंत्र त्यात बसवता येतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एकच नक्षी घालायची तर १२ इंच उंचीच्या नक्षीला ८४ इंचांत फक्त ७ फेऱ्या लागतात. सरावलेला माणूस दोन-तीन तासांत मोकळा होतो.

मग सगळंच मशीनवर का नाही पाठवायचं? कारण सगळं कापड ते सोसत नाही. आजीच्या लुगड्याचं सूत धुऊन धुऊन विरलेलं असतं. रोलरवर ताण बसला की ते धाग्याच्या रेषेत फाटतं. त्यात मशीन इंचाला १० ते १२ टाके घालतं, म्हणजे तेवढी भोकं पडतात. वर उघडे, एकावर एक चढलेले तुकडे असले तर मशीनचा पाय त्यांत अडकतो. चार-पाच लुगड्यांचा थर आणि त्यात दुमडलेल्या कडा आल्या की सुई मोडते. म्हणून माझा नियम सोपा आहे. कापड उजेडासमोर धरायचं, दोन अंगठ्यांत हलकेच ओढायचं. सूत सरकलं किंवा चर्र आवाज आला, तर ते हातानेच शिवायचं. मजबूत सुती कापडाचे, कडा आत घेऊन नीट जोडलेले तुकडे असतील तर मशीनला हरकत नाही.

पाठवण्याआधी तीन गोष्टी करा. एक, कापड आधीच धुऊन घ्या, रंग जाणारं असेल तर घरीच कळेल. दोन, वरचा थर जमिनीवर सपाट पसरून बघा. काठाला झालर पडत असेल तर मशीनवर तिथे हमखास चुण्या येतात. तीन, मधला थर आणि अस्तर चारही बाजूंनी ४ इंच जास्त ठेवा. ६० बाय ८४ च्या गोधडीला ६८ बाय ९२ चं अस्तर लागेल, कारण रोलरला धरायला कापड हवं.

आता नक्षी. मोबाइलवर फोटो बघून वेली, पिसं, गोल गोल भोवरे आवडतात, मान्य आहे. पण नक्षी जितकी दाट, तितकी गोधडी ताठ होते. अंगावर घेतली की पुठ्ठ्यासारखी उभी राहते. फार विरळ केली तर मधला थर सरकतो आणि धुतल्यावर त्याचे गोळे होतात. किती इंचांत एक तरी शिवण हवी, हे बॅटिंगच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते वाचा. वरचे तुकडे भडक आणि भरगच्च फुलांचे असतील तर साधी लाटेसारखी रेघ पुरते, बारीक नक्षी त्यात दिसतसुद्धा नाही. नक्षी उठून दिसते ती सपाट एकरंगी कापडावर. आणि आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट. इथे जाड भरणीची गोधडी पावसाळ्यात वाळत नाही, वास धरते. पातळ सुती थर घ्या. काशीदच्या थंडीला तेवढं पुष्कळ आहे.

हे झालं तंत्र. वाद मात्र तंत्राचा नाहीये. आमच्याकडे एका होमस्टेची दहा गोधड्यांची ऑर्डर आली. वेळ कमी होता, म्हणून वरचे थर वाडीत जोडून पुण्याला लाँगआर्मवर पाठवायचं मी सुचवलं. तर एक काकू म्हणाल्या, “टाके मशीनचे, मग त्यात माझं काय गं राहिलं?” मी म्हटलं, “काकू, रंग तुमचे, मांडणी तुमची.” त्या म्हणाल्या, “ते खरं. पण पैसे कशाचे देणार, ते आधी सांग.”

प्रश्न बरोबर होता. आजवर आम्ही गोधडीमागे एक रक्कम देत होतो. त्यात तुकडे निवडणं, रंग जुळवणं, जोडणं याची किंमत कधी मोजलीच नव्हती. सगळी मजुरी टाक्यांची समजली जायची. टाके मशीनकडे गेले की बाईच्या वाट्याचं सगळंच गेलं, असं गणित झालं असतं. अमेरिकेत क्विल्टच्या प्रदर्शनांत वरचा थर जोडणारी एक आणि क्विल्टिंग करणारी दुसरी असेल तर दोघींची नावं लावतात. क्विल्टिंगची मजुरीही तिथे चौरस इंचावर वेगळी आकारतात. ही पद्धत मला पटली.

शेवटी ठरलं ते असं. जुन्या लुगड्यांची गोधडी हातानेच होणार आणि तिची किंमत टाके मोजून सांगायची. नव्या कापडाची मशीनवर जाईल, पण जोडणीची मजुरी आधी ठरणार आणि मशीनचा खर्च त्यातून कापायचा नाही. काठाला गोट मात्र वाडीतच हाताने लागणार. मागच्या कोपऱ्यावर छोटी कापडी पट्टी असेल: जोडणी कुणाची, क्विल्टिंग कुणाचं, हाताचं की मशीनचं. मशीनची गोधडी “हातशिलाईची” म्हणून कुणी विकणार नाही. काकूंनी दहापैकी चार हाताने करायला घेतल्या. होमस्टेवाल्यांना किमतीतला फरक का आहे ते सांगितलं, त्यांनी सहाची वाट बघितली नाही आणि चारांची बघितली.

तुमच्या घरी कपाटात अर्धवट जोडलेला थर पडला असेल, तर आज उजेडासमोर धरून बघा. त्याचा फोटो आणि तो कुणी जोडला तिचं नाव मला पाठवा, तिची हरकत नसेल तरच हं. पुढच्या भागात गोट लावायची पद्धत सांगते, कोपरा नीट कसा वळवायचा त्यासकट. चला, भेटू!