एका बंबवालीची कादंबरी



आगीचा बंब घंटा वाजवीत गेला की त्यावर एखादी बाई उभी असेल, असे अजूनही आपल्या मनात येत नाही. वास्तविक नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर या पहिल्या विद्यार्थिनीने प्रवेश घेतला तो २००२ साली. आज मात्र आम्ही बोलणार आहोत ते अमेरिकेतल्या एका बंबवालीविषयी, आणि तीही कादंबरीतल्या. कॅथरीन सेंटर यांची 'थिंग्ज यू सेव्ह इन अ फायर' ही कादंबरी २०१९ साली निघाली.

नायिका कॅसी टेक्सासमधील ऑस्टिन शहरी नोकरीस आहे. तिच्या सोळाव्या वाढदिवशी आई दुसऱ्या पुरुषासाठी घर सोडून गेली, आणि त्याच रात्री शाळेतल्या एका मुलाने तिच्यावर अत्याचार केला. ज्या रात्री आईच्या कुशीत शिरायचे, त्याच रात्री ती कूस नाही! कॅसीने हे कोणालाही सांगितले नाही. दहा वर्षांनी तोच मुलगा लोकप्रतिनिधी होऊन तिच्या शौर्याचा गौरव करावयास उभा राहतो, तेव्हा ती हातातल्या मानचिन्हानेच त्याला झोडपते. मग ऑस्टिन सुटते. दूर मॅसॅच्युसेट्समध्ये आई एका डोळ्याने अधू झालेली. तिच्या मदतीला लेकीला नाइलाजाने जावे लागते.

क्षमा हे वीराचे भूषण, असे आपण म्हणतो. पण मुलींना क्षमा शिकविताना त्यातला वीर तेवढा गाळून टाकतो. 'जाऊ दे, विसरून जा,' एवढेच त्यांच्या वाट्याला! या लेखिकेने तसे केलेले नाही. कॅसी आधी मनसोक्त रागावते, मग हळूहळू निवते.

अमेरिकेत अग्निशामकांचा एक नियम आहे: जळत्या घरात दोघांनी मिळून शिरायचे आणि दोघांनी बाहेर सज्ज राहायचे. धुरात स्वतःचा हातही दिसत नाही. सोबत्याचा आवाज हाच आधार. कॅसी कामावर हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळते. घरी मात्र ती एकटीच धुरात शिरते. आपले दुखते आहे हे दुसऱ्याला कळू देणे तिला आगीहून कठीण वाटते, आणि कादंबरीचा जीव इथेच आहे.

प्रेमकथेविषयी थोडक्यात सांगतो. ओवेन हा नवशिका इतका गुणी आहे की आम्हांस तो पुरता खरा वाटला नाही. आई मात्र खरी आहे. ती आपली चूक नाकारीत नाही आणि लेकीने कितीदा झिडकारले तरी पुन्हा बोलावते. तिचे दिवस थोडे उरले आहेत हे लेकीला फार उशिरा कळते. त्या दोघींची पाने वाचताना आमचा चष्मा दोनदा पुसावा लागला, हे कबूल करतो.

त्या मुलाची गोष्ट वेगळी. आईला केलेली क्षमा आणि त्याला करावयाची क्षमा आम्हांस एका पारड्यात घालवत नाही. कॅसीने ते मानचिन्ह पुन्हा एकदा उचलले असते, तरी आम्ही तिला बोल लावला नसता.