नायकाचे शेजारी

(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांनी आपापल्या छंदाविषयी बोलावे, असा कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. त्यातील हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रम ठरवणारी मुलं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटलं, "जॉन वेन." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने हळूच मोबाइल काढला, शोधलं आणि म्हणाला, "अच्छा, तो काउबॉय!" बरोबर, तोच. पण आज मी जॉन वेनबद्दल कमी आणि त्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल जास्त बोलणार आहे. त्याला एक कारण आहे, ते शेवटी सांगतो.

कॉलेजात असताना मॅटिनीला जुने वेस्टर्न लागायचे. तिकीट स्वस्त, त्यामुळे आम्ही काही सोडत नव्हतो. तेव्हा नजर फक्त वेनवर असायची. सव्वासहा फुटांचा धिप्पाड गडी, ती डुलत डुलत चालण्याची ढब, ते अडखळत बोलणं. बाजूचे लोक म्हणजे आमच्या लेखी फर्निचर.

हे फर्निचर बघायला शिकवलं ते ए विंगमधल्या भाऊंनी. इथे राहायला आल्यानंतर कधीतरी समजलं की त्यांनाही हाच नाद. मग शनिवारी रात्री जेवणं उरकली की ते डीव्हीडी घेऊन आमच्याकडे यायचे. सिनेमा मध्येच थांबवून विचारायचे, "सेक्रेटरीसाहेब, हा माणूस मागच्या शनिवारी पाद्री झाला होता की नाही?" मी म्हणायचो, "कोण हो?" आणि बघतो तर खरंच तोच! असा आमचा खेळ सुरू झाला. त्या पाद्र्याचं नाव वॉर्ड बॉन्ड.

हा बॉन्ड जन्माला आला १९०३ साली, नेब्रास्कात. वेन त्याच्याहून चार वर्षांनी लहान. दोघेही लॉस एंजेलिसला साउथ कॅलिफोर्निया विद्यापीठात फुटबॉल खेळायचे. म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ज्यात पायापेक्षा खांदा जास्त वापरतात तो. दिग्दर्शक जॉन फोर्डला १९२९ च्या 'सॅल्यूट' या सिनेमासाठी खेळाडू हवे होते, म्हणून त्याने विद्यापीठातली मुलं घेतली. त्यात हे दोघे आले. पुढच्याच वर्षी 'द बिग ट्रेल'मध्ये वेनला पहिल्यांदा नायकाचं काम मिळालं, आणि त्यातही बॉन्ड एका छोट्या भूमिकेत होता. सिनेमा पडला. वेन नंतर जवळजवळ दहा वर्षं स्वस्तातल्या वेस्टर्नमध्ये घोडे दामटत राहिला. १९३९ मध्ये फोर्डने 'स्टेजकोच' केला, तेव्हा कुठे त्याचं नशीब उघडलं.

बॉन्डच्या बाबतीत असं उघडणं-बिघडणं झालंच नाही. तो काम करत राहिला. दोनशेहून जास्त सिनेमे! 'गॉन विथ द विंड'मध्ये आहे, 'माल्टीज फाल्कन'मध्ये पोलीस आहे, 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्येही पोलीसच आहे. आणि वेनबरोबर वीसहून जास्त सिनेमे. कधी शेरीफ, कधी सार्जंट, कधी आयर्लंडच्या खेड्यातला मासे पकडणारा पाद्री. ऑस्कर सोडा, ऑस्करचं साधं नामांकनसुद्धा त्याला आयुष्यात मिळालं नाही.

वेनच्या भोवती असे बरेच जण होते. व्हिक्टर मॅकलॅग्लनचं बघा. १९३५ च्या 'द इन्फॉर्मर'साठी त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालेलं. तरी पुढे तो वेनच्या सिनेमांत दारूवर जीव असणारा सार्जंट आनंदाने करायचा. 'द क्वाएट मॅन'मधली दोघांची मारामारी तुम्ही पाहिलीच असेल. सगळं गाव मागे धावतंय, मध्येच दोघे दारू प्यायला थांबतात, पुन्हा सुरू. त्या वेळी मॅकलॅग्लन साठीच्या पुढे होता. त्याचा मुलगा अँड्र्यू त्याच सिनेमात सहायक दिग्दर्शक होता, आणि पुढे त्यानेच 'मॅकलिंटॉक'पासून वेनचे पाच सिनेमे दिग्दर्शित केले. वॉल्टर ब्रेननला तर सहायक अभिनेत्याची तीन ऑस्कर मिळालेली. तोही 'रेड रिव्हर' आणि 'रिओ ब्रावो'मध्ये वेनच्या मागे कुरकुर करत उभा आहे. म्हणजे ही हलकी माणसं नव्हती, बरं का. त्यांना आपली जागा माहीत होती, आणि तिचा त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

आता एक प्रसंग सांगतो. १९५६ चा 'द सर्चर्स'. वेनचा सगळ्यात मोठा सिनेमा कोणता असं मला विचाराल, तर हाच. युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी ईथन, म्हणजे वेन, टेक्सासमध्ये भावाच्या घरी परत येतो. त्याचं आपल्या भावजयीवर प्रेम आहे आणि तिचंही त्याच्यावर. हे सिनेमाभर कोणीही बोलून दाखवत नाही. सकाळी रेंजर्सचा कॅप्टन माणसं गोळा करायला येतो. हा कॅप्टन वॉर्ड बॉन्ड. गंमत म्हणजे तो त्याच गावचा पाद्रीही आहे. सगळे बाहेर पडतात, कॅप्टन उभ्या उभ्या कॉफी पितोय. मागे आतल्या खोलीत भावजय ईथनचा कोट आणायला गेलेली दिसते. ती त्या कोटावरून हात फिरवते, जपून, हळूच. कॅप्टनला ते दिसतं. तो मान वळवत नाही. सरळ समोर बघत कॉफी संपवतो. ईथन येतो, ती कोट देते, तो तिच्या कपाळावर ओठ टेकवतो. कॅप्टन समोरच बघतोय.

एवढंच. एक शब्द नाही. पण बॉन्डने तिथे नुसती नजर वळवली असती तरी तो प्रसंग उघडा पडला असता. त्याच्या न बघण्यामुळे आपल्याला सगळं समजतं. दुसऱ्याची खासगी गोष्ट कळणं आणि ती पोटात ठेवणं, हे त्याने पाऊण मिनिटात दाखवलं. भाऊंनी हा प्रसंग मला तीनदा मागे नेऊन दाखवला होता.

याच सिनेमाच्या शेवटी वेन दारात उभा आहे. घरातले सगळे आत जातात, तो एकटा बाहेर. तो डाव्या हाताने आपला उजवा दंड कोपराजवळ धरतो. ही उभं राहण्याची सवय हॅरी कॅरी नावाच्या मूकपटांच्या काळातल्या नटाची. फोर्डच्या सुरुवातीच्या सिनेमांचा तो नायक, आणि लहानपणी वेनचा आदर्श. कॅरी १९४७ मध्ये वारला. 'द सर्चर्स'मध्ये शेजारच्या घराची मालकीण झाली आहे ती त्याची पत्नी ऑलिव्ह, आणि तिचा मुलगा झाला आहे तो त्यांचा खराखुरा मुलगा. तेव्हा तो हात वेनने ऑलिव्हसाठी धरला होता. पुढे त्यानेच हे सांगितलं.

दुसरा सिनेमा 'रिओ ब्रावो', १९५९ चा, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. वेन शेरीफ आहे. त्याने एका श्रीमंत माणसाच्या खुनी भावाला कोठडीत टाकलंय आणि त्याला सोडवायला गुंड जमलेत. शेरीफच्या बाजूला कोण? एक दारुडा आणि एक लंगडा म्हातारा. मालाच्या गाड्या घेऊन गावात आलेला जुना मित्र, म्हणजे बॉन्ड, मदत करतो म्हणतो. शेरीफ नको म्हणतो. मित्र तरीही गावभर त्याच्यासाठी माणसं शोधत बोलत राहतो, आणि त्याच रात्री रस्त्यात गोळी खातो. मला आवडतं ते पुढचं. शेवटच्या लढाईत शेरीफला जिंकून देतात ती या मेलेल्या मित्राच्या गाडीतली डायनामाइटची नळकांडी! आणि सिनेमाभर नको नको म्हणणाऱ्या शेरीफचा जीव प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणीतरी वाचवलेला असतो.

वेन आणि बॉन्ड यांचा हा एकत्र शेवटचा सिनेमा. ही माणसं काही देवमाणसं नव्हती, हेही सांगायला हवं. कम्युनिस्टांविरुद्ध हॉलिवूडमध्ये जी मोहीम चालली, तिच्या पुढाऱ्यांत हे दोघे होते आणि त्या काळात कितीतरी लेखक-नटांची कामं गेली. मैत्री मात्र पक्की. शिकारीला गेले असताना वेनकडून चुकून बॉन्डला छर्रे लागले होते, आणि बॉन्डने मृत्युपत्रात ती बंदूक वेनच्याच नावाने ठेवली, असा किस्सा सांगतात.

बॉन्ड खऱ्या अर्थाने नायक झाला तो चौपन्नाव्या वर्षी, टीव्हीवर. 'वॅगन ट्रेन' नावाच्या मालिकेत तो तांड्याचा प्रमुख होता. १९६० मध्ये तिचा एक भाग जॉन फोर्डने दिग्दर्शित केला. त्यात जनरल शर्मनचं अगदी छोटं काम आहे. अंधारात उभी एक आकृती, चेहरा धड दिसत नाही. नामावलीत नाव मायकेल मॉरिस. पण आवाज ऐकलात की लगेच ओळखाल. तो वेन! तोवर जगातला सगळ्यात मोठा नट झालेला माणूस मित्राच्या मालिकेत खोटं नाव लावून, अंधारात उभा राहिला. तो भाग २३ नोव्हेंबरला दाखवला गेला. बॉन्ड ५ नोव्हेंबरलाच गेला होता, हृदयविकाराने. वयाची ५७ वर्षं. अंत्यविधीला श्रद्धांजलीचं भाषण वेननेच केलं.

आता ते कारण.

या स्मरणिकेची प्रुफं तपासायला माझ्याकडे आली होती. पंचवीस वर्षांतल्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची यादी त्यात आहे. माझं नाव चार ठिकाणी आहे. भाऊंचं एकाही ठिकाणी नाही. यादी चुकलेली नाही, त्यांनी कधी पद घेतलंच नाही.

आपल्या जागेचं मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे आपण सगळे ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो ते, मी मिळवून दिलं असं इथे प्रत्येक जण म्हणतो. तुम्ही माझा सत्कार केलात, शाल दिलीत. प्रत्येक खेपेला माझ्याबरोबर कापडी पिशवीत फाइल घेऊन भाऊ होते. सत्काराच्या फोटोत ते नाहीत, कारण ते पेढे आणायला गेले होते.

आणि एक गोष्ट आजवर कोणाला माहीत नाही. आपला पहिला अर्ज फेटाळला गेला होता, जुन्या सभासदांना आठवत असेल. सर्वसाधारण सभेत मी सांगितलं की कार्यालयात कागद गहाळ झाला. तसं झालं नव्हतं. बिल्डरला पाठवलेल्या नोटिशीची पोचपावती जोडायची राहिली, ती माझ्या हातून. ती माझ्या घरच्या कपाटात होती. निकाल ऐकल्यावर मी बाहेर बाकावर बसलो आणि मला रडू आलं. भाऊ उठले आणि समोरच्या भिंतीवरचा नोटीस बोर्ड वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत. त्या बोर्डावर वाचण्यासारखं काही नव्हतं हो!

सभेतही ते गप्प बसले. रात्री मात्र घरी आले आणि म्हणाले, "मी कोणाला सांगणार नाही. पण पुढच्या सभेत तुम्ही सांगून टाका, म्हणजे मोकळे व्हाल." मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. शनिवारी डीव्हीडी घेऊन येत राहिले. गेल्या वर्षी ते गेले, तोवर.

तेव्हा आज सांगतो. चूक माझी होती. त्या चुकीने आपलं एक वर्ष आणि दुसऱ्यांदा वकिलाची फी गेली. ती दुरुस्त झाली ती दोघांनी मिळून, आणि पाठपुराव्याचं निम्म्याहून जास्त काम भाऊंनी केलं.

वहिनी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, हे मी त्यांच्यासमोर म्हणायला हवं होतं. उशीर झाला, माफ करा.

संपादक मंडळाला माझी विनंती एवढीच आहे की पदाधिकाऱ्यांच्या यादीखाली एक ओळ जागा असेल तर तिथे त्यांचं नाव छापा. पद लिहू नका. आणि 'द सर्चर्स'ची त्यांची डीव्हीडी माझ्याकडे आहे. येत्या शनिवारी जेवणानंतर याच हॉलमध्ये लावू. ज्यांना यायचं असेल त्यांनी या. कॉफीचा प्रसंग आला की मी थांबवून दाखवीन.