फवारणीच्या पाण्याचा सामू

इथे धायरीत विहिरी काळ्या पाषाणातल्या. अशा पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेले असल्याने ते बहुधा अल्कधर्मी असते. सामू ७ चा ८ झाला, की हायड्रोजन आयन दहापटीने घटतात आणि हायड्रॉक्सिल आयन तितकेच वाढतात. हेच आयन औषधाचा रेणू फोडतात. २५ अंश सेल्सिअसला मॅलॅथिऑन निम्मे होण्यास सामू ७ असताना सुमारे ६ दिवस लागतात, ९ असताना फक्त १२ तास. रात्री कालवून सकाळी फवारणारे आपल्यात कमी नाहीत! पैसे औषधाचे, फवारा निम्म्या पाण्याचा. सामू कागदाने पाणी तपासा, जास्त असल्यास आधी थोडे सायट्रिक आम्ल, मग औषध घाला आणि द्रावण लगेच संपवा. बोर्डो मिश्रणात मात्र आम्ल चुकूनही घालू नये. तांबे मोकळे होऊन पाने करपतात.