दक्षिण सह्याद्रीतील आठ दिवस : एका काटकसरी प्रवासाचा जमाखर्च

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रवासाविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांनी दूरदेश पाहिले त्यांचा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. त्या कसोटीला मी उतरत नाही. आम्ही उभयतांनी पाहिलेला प्रदेश म्हणजे आपल्या या कोइंबतूर शहराच्या पश्चिमेस आणि दक्षिणेस आभाळाच्या कडेला जी निळसर रेघ दिसते, तीच. तिच्याकडे पाहत आपल्यापैकी कित्येकांची हयात गेली. परंतु तिच्या पोटात शिरून आठ दिवस राहिलेली कुटुंबे थोडीच असतील. म्हणूनच चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला.

आमच्या प्रवासाचे नियम तीन होते. पहिला, वाहन सरकारी बसचे. स्वतःची गाडी नाही, भाड्याची तर नाहीच. दुसरा, दोघांचा मिळून दिवसाचा खर्च दोन हजार रुपयांवर जाता कामा नये. तिसरा, माणशी एकच पिशवी, आणि ती ज्याची त्याने उचलायची. हिशेबाची वही माझ्याकडे होती आणि वेळापत्रक यांच्याकडे. महिना डिसेंबरचा निवडला, कारण पावसाळ्यात घाटाचा भरवसा नसतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एरविकुलमचे राष्ट्रीय उद्यान तेथील डोंगरी बकऱ्यांच्या विणीसाठी बंद ठेवतात.

वाटेविषयी सांगण्यापूर्वी डोंगराविषयी दोन शब्द. सह्याद्री म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायऱ्यापायऱ्यांचे कातळ आणि सपाट माथ्याचे किल्ले उभे राहतात. ती ज्वालामुखीच्या थरांची करामत. तो काळा दगड गोव्याच्या आसपास संपतो, आणि आपण समजतो की सह्याद्रीही तेथेच संपला. वास्तविक तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीच्या उंबरठ्यापर्यंत सुमारे १६०० किलोमीटर तो चालतच राहतो. फक्त दक्षिणेस त्याचा दगड फार पुरातन, आणि माथे गोल, हत्तीच्या गंडस्थळासारखे. मध्ये पालघाटची मोठी खिंड आहे. तिच्यातून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यामुळेच आपले शहर उन्हाळ्यात सुसह्य होते. खिंडीच्या उत्तरेस निलगिरी, दक्षिणेस अनमलै. याच दक्षिणेकडच्या भागात अनमुडी हे २६९५ मीटर उंचीचे शिखर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अनमुडी तिच्याहून हजार मीटरांनी उंच. हिमालयाच्या दक्षिणेस याहून उंच शिखर भारतात नाही.

पोल्लाचीहून वाल्पारैची बस आळियार धरणाजवळ घाटाला लागते. येथून वर चाळीस हेअरपिन वळणे आहेत आणि प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. नवव्या वळणावर सारे पठार आणि धरणाचे पाणी पायाखाली दिसते. माझ्या शेजारी बसलेल्या बाई पाट्यांकडे न पाहता वळणे मोजत होत्या. पंचविसाव्याला त्यांनी डबा उघडला, कारण त्यापुढे थंडी सुरू होते असा त्यांचा अनुभव होता. खाजगी मोटारीत बसलो असतो तर हे ज्ञान आम्हांस कोणी दिले असते?

वाल्पारैच्या पठारावर चहा-कॉफीचे मळे आहेत आणि सभोवती व्याघ्रप्रकल्पाचे अरण्य. हत्ती एका अरण्यातून दुसऱ्या अरण्यात मळ्यांतून जातात, आणि मजूरही त्याच वाटेने घरी जातात. अंधारात दोघांची गाठ पडली की माणूस जिवानिशी जाई. २०११ च्या सुमारास निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या मंडळींनी येथे साधा उपाय योजला. हत्ती जवळपास असल्याचा संदेश लोकांच्या मोबाईलवर जातो, आणि ठिकठिकाणी खांबांवर तांबडे दिवे आहेत, ते दुरून फोनने लावता येतात. दिवा लागला असेल तर त्या रात्री त्या वाटेने कोणी पायी जात नाही. आमच्या खोलीच्या गॅलरीतून असा एक दिवा दिसत होता. पहिल्या रात्री तो विझलेलाच होता. दुसऱ्या रात्री लागला. आम्ही मुकाट्याने जेवण खोलीवर मागवले. सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावरून झाडाझाडांना जोडणारे दोरखंडाचे पूलही येथे बांधले आहेत. जनावराला वाट सोडून माणसाला राहता येते, याचा हा पुरावा मला मोलाचा वाटला.

तेथून परत पायथ्याशी उतरून उदुमलपेट्टैच्या दिशेने निघालो. वाटेतल्या एका बाजारपेठेच्या गावी बस बदलायची होती आणि दोन तास हाताशी होते. सोनारांच्या गल्लीतून जात असता एका लहानशा दुकानातून स्वच्छ मराठी ऐकू आली. गलाईचे दुकान! सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडीकडची ही मंडळी जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी साऱ्या भारतभर पसरली आहेत, हे आपण जाणताच. आम्ही दारात उभे राहिलो तोच आतली तरुण सून बाहेर आली.

“काकू, मराठी हायसा न्हवं? मग भाईर का उभ्या? आत या की. काका, तुमीबी या.”

चहा झाला. मग ‘आता जेवूनच जावा’ असा आग्रह झाला आणि भाकरी-पिठल्याचे ताट पुढे आले. तिचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. सासऱ्यांनी तरुणपणी गाव सोडले. आता नातवंडे शाळेत तमिळ लिहितात आणि घरी माणदेशी बोलतात. ‘गावाकडं जत्रंला मात्र जातोच बगा, दुकान बंद ठिवून,’ असे ती म्हणाली. पैशाचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी दुपारच्या जेवणापुढे माझ्या वहीत शून्य आहे.

एका गोष्टीत हे माझ्यापेक्षा महाग ठरले, तेही सांगून टाकते. तमिळनाडूत साध्या शहरी बसमधून स्त्रियांना मोफत प्रवासाची सोय २०२१ मध्ये सुरू झाली. त्या गाड्यांत कंडक्टर माझ्याकडून काही न घेता पुढे जाई आणि यांच्यापुढे हात करी.

उदुमलपेट्टैहून मुन्नारची बस चिन्नारच्या अभयारण्यातून जाते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. काटेरी झुडपे, तापलेला खडक, जणू आपला माणदेशच. मग मरयूर लागते. तेथे चंदनाची नैसर्गिक वने आहेत, उसाची शेते आणि गुऱ्हाळे आहेत, आणि खडकावर शिळा रचून केलेली महापाषाणयुगातली दफनस्थाने आहेत. आणि त्यापुढे चाळीस किलोमीटरांत हवा अशी पालटते की उष्ण कटिबंधात, विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या दहा अंशांवर, आपण पेटीतला स्वेटर शोधू लागतो. डिसेंबर-जानेवारीत येथे कधीकधी पहाटे गवतावर दहिवर गोठते.

मुन्नार म्हणजे तीन नद्यांचा संगम. येथे एके काळी आगगाडी होती हे कळल्यावर यांचा चेहरा खुलला. कुंडळा खोऱ्यातील ती चिमुकली रेल्वे १९२४ च्या महापुरात वाहून गेली ती पुन्हा बांधलीच नाही. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी २०१८ मध्ये फुलली होती; आता २०३० साली फुलेल. तेव्हा येण्याइतके आयुष्य मागून घेतले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आज मी उभी आहे तिच्याकडे येते. मुन्नारचे मळे आपण चित्रांत पाहतो: कातरलेल्या हिरव्या टेकड्या आणि पाठीवर पिशवी घेतलेल्या बायका. बसमध्ये याच बायका आमच्या शेजारी बसत. बहुतेक तमिळभाषी, कित्येकींच्या आज्या-पणज्या मैदानातून या मळ्यांत आलेल्या. राहायला मळ्याच्या मालकीची ‘लयम’, म्हणजे एका ओळीतल्या, भिंतीला भिंत लागलेल्या खोल्या. नोकरी संपली की खोली सोडायची. २०१५ च्या सप्टेंबरात बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला तेव्हा याच बायका पुरुषांच्या संघटनांना बाजूला सारून रस्त्यावर बसल्या आणि नऊ दिवसांनी वीस टक्के परत घेऊनच उठल्या. ‘पेंबिळै ओरुमै’, स्त्रियांची एकजूट, असे त्या चळवळीचे नाव.

त्याच मुन्नारजवळ पेट्टिमुडी येथे ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री डोंगराचा कडा सुटला आणि खालच्या लयमांवर आला. ७० माणसे गेली. बहुतेक मळेकामगार आणि त्यांची मुलेबाळे. शेजारी बसलेल्या एका वृद्धेने बसच्या खिडकीतून त्या दिशेला बोट दाखवले आणि एवढेच म्हणाली, “तिकडे आमची माणसे होती.” माझी तमिळ मोडकी; पण हे वाक्य समजायला व्याकरण लागत नाही.

मला त्या क्षणी आंबेगाव तालुक्यातले माळीण आठवले. ३० जुलै २०१४ ची ती सकाळ. गावावर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. आणि बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमधील मुंडक्कै आणि चूरलमला या गावांवर तेच संकट कोसळले. तेथे अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भाषा वेगळी, दगड वेगळा, पण डोंगर एकच. अतिवृष्टीने माती पाण्याने फुगते, तिचे वजन वाढते, पकड सुटते. मूळचे अरण्य आणि कुरण हे पाणी धरून सावकाश सोडतात. ते गेले, रस्त्यासाठी उताराचा पाय खणला, ओढ्याची वाट बुजवून इमारत चढवली, की मग पावसाला फक्त निमित्त व्हायचे असते. मुन्नारजवळच्या गॅप रोडवर रुंदीकरणाच्या काळात, २०१९ आणि २०२० मध्ये, मोठाल्या दरडी कोसळल्या. कोठे काय करू नये हे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात सांगून ठेवले होते. एका पुणेकराने साऱ्या सह्याद्रीसाठी केलेले ते काम केरळात घरोघरी ठाऊक आहे, कोणी त्याला शिव्या देऊन तर कोणी हात जोडून.

पुढे इडुक्की पाहिले. दोन टेकड्यांमध्ये ताणून धरलेल्या कमानीसारखे ते धरण. १९७६ मध्ये सुरू झाले. त्याला दरवाजेच नाहीत. पाणी सोडायचे ते शेजारच्या चेरुतोणी धरणातून, आणि २०१८ च्या महापुरात त्याचे पाचही दरवाजे उघडावे लागले. तेथून कुमिळी, आणि घाट उतरून कंबमचे खोरे. पश्चिमेस वाहणारे पेरियारचे पाणी १८९५ साली बांधलेल्या धरणाने अडवून बोगद्यातून पूर्वेस आणले, त्यावर ही भातशेती आणि द्राक्षमळे उभे आहेत. ते बांधणाऱ्या पेनीक्विक या इंग्रज अभियंत्याच्या नावाने तेथील शेतकरी अजूनही पोंगल साजरा करतात. या घाटात एका ठिकाणी वाटेवर आलेली माती काढेपर्यंत आमची बस तीन तास उभी होती. कोणी कुरकुरले नाही. कोणाच्या पिशवीतून केळी निघाली, कोणाच्या भुईमुगाच्या शेंगा.

आता वहीतला हिशेब. बसभाडे २१४०, सात रात्रींचे मुक्काम ६९००, जेवणखाण ३६१०, प्रवेशशुल्क, चहापाणी व किरकोळ १२७०. एकूण रुपये १३,९२०. ठरवलेल्या सोळा हजारांतून २०८० उरले.

परंतु हा हिशेब पुरा नाही. आपला प्रवास स्वस्त झाला याचा काही भाग आपल्या काटकसरीचा, आणि काही भाग दुसऱ्या कोणी भरलेला आहे. दहा रुपयांच्या चहाची उरलेली किंमत त्या एका खोलीत राहणारी बाई भरते. आपण डोंगराच्या कड्यावरच्या, ‘दृश्य दिसणाऱ्या’ खोलीचा हट्ट धरतो तेव्हा तिची किंमत खालच्या ओळीतली घरे भरतात. आपणही पोटासाठी मुलूख सोडून आलेली माणसे आहोत. गलाईवालेही, त्या मळ्यातल्या बायकाही. अंतर एवढेच की आपल्याला परतीची वाट आहे, जत्रेला जायला गाव आहे. नोकरी संपताच जिची खोलीही संपते, तिला ते नाही. ही जाणीव मला मोटारीच्या काचेआडून झाली नसती. ती बसच्या बाकावर झाली, म्हणून काटकसरीचे मी आभार मानते.

यातून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपली वार्षिक सहल डोंगरात न्यायची असेल तर पावसाळ्यात नेऊ नये, बसने न्यावी, मुक्काम गावातल्या जुन्या, बसक्या घरांत करावा, कड्यावर चढवलेल्या मजल्यांत करू नये, पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्याव्यात, आणि चहा विकत घ्यायचा तो मळ्यातल्या माणसाशी दोन शब्द बोलून घ्यावा. वाटेत गलाईचे दुकान लागले तर थांबावे, आणि त्या कुटुंबांना आपल्या गणेशोत्सवाचे आमंत्रण द्यावे. आजवर आपण त्यांच्याकडे सोने देण्याघेण्यापुरतेच गेलो आहोत. आमच्या प्रवासाचे वेळापत्रक आणि खर्चाची प्रत वाचनालयात ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी उतरवून घ्यावी. उरलेल्या २०८० रुपयांतून त्या सुनेच्या मुलांसाठी मराठी गोष्टींची पुस्तके पाठवली आहेत. पोचल्याचा फोन आला तेव्हा धाकटा तीतली पहिली गोष्ट अडखळत वाचून दाखवत होता.