दिवस भरत आले असता



पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. उत्तरेस कात्रज आणि दक्षिणेस खंबाटकी अशा दोन घाटांच्या मध्ये हा परिसर वसलेला आहे. दारावरून राष्ट्रीय महामार्ग जातो, म्हणून वेळ हाताशी आहे, असे मात्र कोणी समजू नये. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाला नाही, तर दोन तासांतही माता दगावू शकते. म्हणूनच शेवटच्या चार-पाच आठवड्यांत काय घडते, याचे ज्ञान घराला आधीच असावयास हवे.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून प्रसूतीची तारीख काढतात. परंतु ही तारीख अंदाजाची असते. नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या स्त्रिया शंभरात चार-पाचच. त्यामुळे ३७ वा आठवडा लागला की घराने सज्ज असावे आणि तारीख उलटून गेल्यास स्वस्थ न बसता डॉक्टरांना दाखवावे.

या दिवसांत बाळाचे डोके ओटीपोटात उतरते. श्वास मोकळा होतो, पण लघवीला वारंवार जावे लागते आणि कंबर भरून येते. मधूनच पोट कडक होते व सैल पडते. या कळा अनियमित असून विश्रांतीने थांबतात. त्या खोट्या कळा होत. खऱ्या कळा नियमित येतात, त्यांतील अंतर कमी व जोर अधिक होत जातो आणि पडून राहिले तरी त्या थांबत नाहीत. रक्ताची छटा असलेला चिकट स्राव दिसणे, हीही प्रसूती जवळ आल्याची खूण होय. पाणमोट फुटली, तर कळा नसल्या तरी रुग्णालयात गेलेच पाहिजे. पाणी हिरवट असल्यास अधिकच त्वरा करावी.

काही लक्षणे मात्र क्षणभरही अंगावर काढू नयेत : अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप आणि बाळाची हालचाल मंदावणे. ‘दिवस भरले की बाळ शांत होते’ हा समज चुकीचा आहे. ‘फार खाल्ले तर बाळ मोठे होऊन अडेल’, म्हणून गर्भवतीला अर्धपोटी ठेवणे हाही तसाच घातक समज. घरी कळा वाढविण्याचे इंजेक्शन कोणाकडूनही घेऊ नये. त्याने गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते, ही रीत मायेची आहे. पण तिची नोंद सासरच्या गावी असते. रक्त किती होते, रक्तदाब वाढला होता का, हे माहेरच्या आशा कार्यकर्तीला ठाऊक नसते. यावर उपाय साधा आहे. माता व बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत यावे आणि ती आली त्याच आठवड्यात आरोग्य उपकेंद्रात नाव नोंदवावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत मोफत तपासणी होते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार व जाण्यायेण्याचे वाहन विनामूल्य आहे. संकटकाळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

अशा प्रयत्नांचे फळ दिसते. महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २०१४-१६ मध्ये ६१ होते. ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. उरलेले मृत्यूही बहुतांशी टाळता येण्यासारखेच आहेत.

शिरवळजवळच्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. समाजाने झिडकारलेल्या गर्भवती विधवांना निर्धास्तपणे बाळंत होता यावे, म्हणून फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी आसरा उघडला. गर्भवतीची काळजी ही एकट्या तिच्या घराची बाब नव्हे, हे या भूमीच्या कन्येने कृतीने दाखवून दिले.

तेव्हा पंचायतीने आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने, माहेरवाशिणींसह, पुढील दोन महिन्यांत बाळंत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीची माहिती ठेवावी. रात्रीच्या वेळी कोणाचे वाहन मिळेल, हे आधीच ठरवावे. शिक्षकांनी पालकसभेत धोक्याची लक्षणे समजावून सांगावीत, विशेषतः पुरुषांना. कारण निघावयाचे केव्हा, हा निर्णय पुष्कळदा त्यांच्याच हाती असतो. तो निर्णय वेळेवर झाला, तर पुढचे काम डॉक्टर व परिचारिका करू शकतात. उशीर झाला, तर त्यांचाही इलाज चालत नाही.