एक ‘ना’, किती अर्थ!



मराठीत एकाक्षरी शब्दांना तोटा नाही. ये, जा, दे, घे, का, की... पण यांतला सगळ्यांत अवघड शब्द कोणता असं मला विचाराल, तर मी म्हणेन, ‘ना’.

अवघड अशासाठी, की तो एकाच तोंडानं उलटसुलट बोलतो. ‘ना धड इकडचा, ना धड तिकडचा’ म्हटलं की तो नकार. ‘बसा ना, जेवून जा ना’ म्हटलं की तो आग्रह. ‘तू येणार ना?’ असं विचारलं की त्याला समोरून ‘हो’ हवं असतं. शाळेत आपण विभक्तीचे प्रत्यय घोकले : स, ला, ना, ते. चतुर्थी म्हणजे देण्याची विभक्ती. ‘मुलांना खाऊ दिला’ यातला ‘ना’ नाही म्हणत नाही, उलट हातावर काहीतरी ठेवतो. फारसीतून आलेला ‘ना’ आणखी वेगळा. नाराज, नापसंत, नाइलाज हे त्याचे शब्द. इंग्रजीतल्या ‘पास’ला तो चिकटला आणि ‘नापास’ झाला. कचेरीत मात्र ‘ना हरकत’ दाखला हाती पडला की आपलं काम झालंच म्हणून समजा!

आमचा धाराशिव जिल्हा, म्हणजे २०२३ पर्यंत सरकारी कागदावरचा उस्मानाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या एका राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा नांदत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि राज्याचे तीन वाटे झाले. पण नकाशावर रेघ ओढली म्हणून माणसांचं येणं-जाणं थांबत नाही. उमरगा ओलांडलं की कर्नाटक लागतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गला उभे राहा, चारही भाषा कानावर पडतील. तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला येणारी माणसंही कर्नाटक-तेलंगणातून येतात.

आता या चार भाषांत आपला ‘ना’ फिरवून पाहा. उर्दूत तो नकार. तेलुगूत ‘ना’ म्हणजे ‘माझं’; ‘ना ऊरु’ म्हणजे माझं गाव. कन्नडच्या बोलण्यात ‘ना’ म्हणजे ‘मी’. कानडी बाई म्हणते, ‘ना बरतीनि’. मराठी कानाला वाटतं, ही यायला तयार नाही. ती तर सांगत असते, ‘मी येते’!

जरा पुढं गेलं तर आणखी गंमत आहे. तमिळमध्ये ‘ना’ म्हणजे जीभ. गोव्यात कोकणी माणूस ‘ना’ म्हणाला की ते नाही. संस्कृतात ‘नृ’ शब्दाची प्रथमा ‘ना’, म्हणजे पुरुष. ऋग्वेदात ‘न’ हा नकारही आहे आणि ‘सारखा’ या अर्थी उपमाही आहे. अरबीत शब्दाच्या शेवटी ‘ना’ आला की ‘आमचा’. दुआ मागताना आम्ही ‘रब्बना’ म्हणतो, म्हणजे ‘आमच्या पालनकर्त्या’. आणि ग्रीक माणूस ‘नै’सारखं काही म्हणाला तर रागावू नका, तो ‘हो’ म्हणतो आहे.

आमच्या घरात दखनी बोलतात. दखनीत नकार द्यायचा तर ‘नक्को’ म्हणतात, आणि हा शब्द सरळ मराठीतून आलेला आहे. जुन्या दखनी काव्यातही तो सापडतो. म्हणजे माझी अम्मा ‘नक्को’ म्हणून रागवायची ती मराठीत, आणि ‘खा ना बेटा’ म्हणून घास भरवायची ती उर्दूत, की तीही मराठीतच? मला आजवर ही वाटणी करता आलेली नाही. ‘तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?’ असं मला कविसंमेलनात विचारतात, तेव्हा मी हेच सांगतो. आमच्या घरात नकारसुद्धा मराठीतून शिकवला गेला.

शब्दाचा अर्थ सुरावर असतो. ‘ना’ तुटक म्हटला तर दार बंद होतं, लांबवला तर उघडतं. म्हणून ऐकणाऱ्यावर जबाबदारी येते. पण आपण बहुतेकदा आपल्या सोयीचा अर्थ ऐकतो. निकाहाच्या वेळी वकील आणि साक्षीदार मुलीकडे जाऊन तिची कबुली विचारतात. विचारल्याशिवाय निकाह नाही. इतर घरांतही स्थळ आलं की मुलीला विचारण्याची रीत आहेच. ती हळूच ‘ना’ म्हणते. बायका म्हणतात, ‘लाजतेय!’ बाप म्हणतो, ‘हो म्हणाली.’ पंधरा-सोळा वर्षांच्या, शाळेत जाणाऱ्या मुलींचे असे ‘ना’ मराठवाड्यात किती घरांत लाजण्याच्या खात्यावर जमा झाले असतील! कानडी बाईचं ‘येते’ आपल्याला ‘नाही’ ऐकू आलं, तर ते भाषा येत नाही म्हणून. घरच्या मुलीचं ‘नाही’ आपल्याला ‘हो’ ऐकू येतं, तिथं तर भाषा एकच असते.

म्हणून माझं मागणं छोटंसं आहे. समोरचा ‘ना’ म्हणाला की क्षणभर थांबावं आणि विचारावं, ‘म्हणजे काय म्हणायचंय तुला?’ तिला दहावीची परीक्षा द्यायची असेल, कॉलेजला जायचं असेल. ते तिलाच सांगू द्या. एवढं ऐकून घ्याल ना?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)